ओहायोतील दोन दफनभूमी आणि त्यांना राखणारी आग

जुलैच्या मध्यावर आम्ही अमेरिकेच्या ओहायो राज्याची राजधानी कोलंबसहून पश्चिमेकडे, मॅडिसन काउंटीतील बिगेलो दफनभूमी पाहण्यासाठी गेलो. वाटेत दुतर्फा केवळ मका आणि सोयाबीन दिसते. त्या शेतांच्या मधोमध जेमतेम अर्ध्या एकरात एकोणिसाव्या शतकातील वसाहतकऱ्यांची थडगी आहेत आणि त्यांच्या शिळांमधून, कमरेच्याही वर वाढलेल्या गवतात, रॉयल कॅचफ्लायची लालभडक फुले डोकावतात. हे झाड ओहायोत दुर्मीळ असून त्याचे परागीभवन मुख्यतः हमिंगबर्ड करतो. डार्बी प्लेन्स या येथील सपाट प्रदेशाचा जवळजवळ सगळा प्रेअरी, म्हणजे उंच गवताचा नैसर्गिक माळ, नांगराखाली गेला. दफनभूमीत मात्र नांगर शिरला नाही, म्हणून मूळ वनस्पती येथे टिकल्या.

तथापि केवळ कुंपण पुरत नाही. अशा माळांवर पूर्वी वरचेवर लागणारी आग थांबली की झुडपे वाढतात, वाळलेल्या गवताचा थर साचतो आणि नव्या अंकुरांना ऊन मिळत नाही. म्हणून अशा जागा ठरावीक वर्षांनी, बहुधा वसंताच्या सुरुवातीस, मुद्दाम जाळल्या जातात. त्या वेळी बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास यांसारखी देशी गवते जमिनीखाली सुप्त असतात, तर थंडीतच हिरवी होणारी केंटकी ब्लूग्राससारखी परकी गवते नेमकी आगीत सापडतात. शिवाय काळ्या राखेमुळे माती लवकर तापते. कोकणातील राबभाजणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रीत अगदी परकी वाटणार नाही. जाळण्यापूर्वी कडेने गवत कापून जाळरेषा आखतात, वारा आणि हवेतील आर्द्रता पाहतात, आणि आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सरकणारी संथ आग लावून जळालेला पट्टा रुंद करून घेतात. संगमरवर आणि चुनखडीच्या शिळांना उष्णतेने तडे जाऊ शकतात, म्हणून त्यांच्याभोवतीचे गवत आधीच काढावे लागते. गवतात हिवाळा काढणाऱ्या कीटकांसाठी एखादा भाग न जाळता ठेवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण इतक्या लहान जागेत गेलेला कीटक बाहेरून परत येणार कुठून? येथील अनुभवावरून सह्याद्रीच्या माळांवर काडी ओढणे मात्र सर्वथा चूक ठरेल. तेथील गवत, पाऊस आणि माती वेगळी आहे.

जाणाऱ्यांनी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंतचा काळ निवडावा. सावली फारशी नसल्याने सकाळी लवकर निघावे, पाणी आणि टोपी सोबत घ्यावी. गोचिडींमुळे पूर्ण पायघोळ कपडे घालावेत आणि परतल्यावर अंग तपासावे. गाडी गवतावर चढवू नये, शिळांना टेकू नये, फूल वा बी तोडू नये. जवळच असलेली स्मिथ दफनभूमीही त्याच फेरीत पाहून होते. जवळच असलेली स्मिथ दफनभूमीही त्याच फेरीत पाहून होते. प्रत्यक्ष जाळणी पाहायची असल्यास राज्याच्या निसर्गसंरक्षण विभागाकडे आधी चौकशी करावी, कारण दिवस हवामानावर ठरतो आणि ऐन वेळी बदलतो.