वडशाच्या पुढचे नऊ किलोमीटर : आठ श्रेयांकांच्या प्रकल्पासाठी झाडीपट्टीत

उद्योगक्षेत्रातील मार्गदर्शकाच्या हाताखाली पदव्युत्तर प्रकल्प करण्यासाठी जे विद्यार्थी पुढच्या हंगामात झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यात, तिथली रात्रभर चालणारी नाटके टिपायला जाणार आहेत, त्यांना पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगते : मार्गदर्शकांनी स्वतः एक रात्र मांडवात बसून काढल्याशिवाय प्रकल्पाच्या आराखड्यावर सही करू नका. मी आणि माझी वर्गमैत्रीण, आम्ही दोघींनी तशी सही केली आणि जानेवारीतले अकरा दिवस ती निस्तरण्यात घालवले.

प्रयोग सुरू असताना प्रेक्षकांत बसल्यासारखा चहूबाजूंनी पाहता आणि ऐकता येईल असा व्हीआर (आभासी वास्तव) अनुभव तयार करणे, हा आमचा विषय होता. आमचे मार्गदर्शक पुण्यातील एका कंपनीत ध्वनीचे काम पाहतात आणि त्यांच्या कामात ते जाणकार आहेत. परंतु त्यांच्या टिपणात ‘हौशी ग्रामीण नाटक, दोन रात्रींचे काम, मंचावर वीज उपलब्ध’ असे लिहिलेले होते आणि या तिन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. वडशात, म्हणजे देसाईगंजात, नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावची मंडळे तेथे येऊन प्रयोग ठरवतात आणि कलावंतांची घरे त्यावर चालतात. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना याच रंगभूमीवरील कार्यासाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. अशा रंगभूमीला हौशी म्हणून कागदावर उतरवले, की कलावंतांचे मानधन अंदाजपत्रकात येतच नाही, आणि आमच्या अंदाजपत्रकात ते नव्हते.

नागपूर ते वडसा या प्रवासाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत एसटी वैनगंगा ओलांडते आणि वडशाला सोडते. खरा त्रास त्यापुढे आहे. आमचे गाव फाट्यापासून नऊ किलोमीटर आत होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक रस्त्यावर नुसती गिट्टी पसरलेली होती. काळी-पिवळी फाट्यावर थांबते, आत जात नाही. आमच्याजवळ चार पेट्यांत मिळून 34 किलो सामान होते. संध्याकाळी सहा वाजता फाट्यावर उभ्या असलेल्या एका गाडीवाल्याने त्या नऊ किलोमीटरचे 1,800 रुपये सांगितले आणि अंधार पडत आल्याने आम्ही ते दिले. पहाटे परतताना त्याच गाडीवाल्याने 2,500 घेतले. दुसऱ्या रात्री पैसे वाचवावेत म्हणून आम्ही दोन दुचाकींवर सामान बांधले. गिट्टीच्या हादऱ्यांनी पेटीतील फोम सरकला, मायक्रोफोनच्या चार कॅप्सूलपैकी (आवाज टिपणाऱ्या भागांपैकी) एकीची जोडणी सैल झाली आणि त्या रात्रीचे संपूर्ण ध्वनिमुद्रण निकामी ठरले, कारण अशा मायक्रोफोनमध्ये चारही कॅप्सूलचे आवाज एकत्र आल्याशिवाय दिशा काढताच येत नाही. दुचाकीवर हे सामान कधीही नेऊ नका. तसेच कितीही घाई असली तरी पहाटे फाट्यापर्यंत पायी निघू नका. ब्रह्मपुरी आणि वडसा या दोन्ही वनविभागांत माणसांवर वाघांचे हल्ले झालेले आहेत आणि रस्ता जंगलाच्या कडेने जातो.

धान कापलेल्या बांधीत मांडव उभा असतो, खाली तणस अंथरलेली असते, नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. वीज जनरेटरची असते. आमचा जनरेटर मंचाच्या डाव्या अंगाला चाळीस पावलांवर होता आणि पहिल्या रात्रीच्या मुद्रणात 50 हर्ट्झची गुणगुण व तिच्या पटीतले 100, 150 असे सूर सर्वत्र भरून राहिले. ते संगणकावर कापता येतात, पण त्यांच्याबरोबर तबल्याच्या डग्ग्याचा भरीवपणाही जातो, आणि डग्गा गेला तर झाडीपट्टीचे संगीत उरत नाही. मी जनरेटर चालवणाऱ्या माणसाला तो लांब नेण्याविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, “बाई, वायर तेवढीच आहे जी, तुम्हीच सरका ना.” तो बरोबर बोलत होता. तिसऱ्या रात्री आम्ही मायक्रोफोन उजवीकडे नेला, मांडवातील ध्वनियोजकाच्या मिक्सरमधून वेगळी वायर घेतली आणि पडदा उघडण्याआधी एक टाळी वाजवून दोन्ही मुद्रणे जुळवण्याची सोय केली. त्याच रात्रीचे काम उपयोगी पडले. रंगीत एलईडी दिव्यांमुळे चित्र लुकलुकते, म्हणून कॅमेऱ्याचे शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवून आधी तपासून घ्या. दव इतके पडते की पहाटे चार वाजता मायक्रोफोनवरचे केसाळ आवरण पिळले तर बोटांतून पाणी निथळत होते. दोन कोरडी आवरणे सोबत ठेवा, आणि बॅटऱ्या स्वेटरच्या आत ठेवा.

श्रेयांकांविषयीही (क्रेडिट) बोलायला हवे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकामागे 30 तास धरले जातात, म्हणजे आमच्या आठ श्रेयांकांसाठी 240 तास. कंपनीच्या नोंदतक्त्यात मात्र केवळ संगणकावर केलेल्या कामासाठी रकाना होता. मंडळाशी केलेली बोलणी, फाट्यावरील प्रतीक्षा, दहा ते सहा मांडवात काढलेल्या रात्री, यांतील एकही तास त्यात बसला नाही, आणि महाविद्यालयाने तोच तक्ता ग्राह्य धरला. हा अन्याय आहे, असे मी आजही ठामपणे म्हणते. क्षेत्रकार्याचे तास आराखड्यातच लिहून घ्या. नंतर कोणी देत नाही.

संमतिपत्राच्या बाबतीत तर आमच्या हातून मोठीच चूक होणार होती. कंपनीने दिलेले चार पानी पत्र इंग्रजीत होते आणि त्यानुसार मुद्रणाचे सर्व हक्क कंपनीकडे जाणार होते. रंगभूषा करत बसलेल्या एका ज्येष्ठ अभिनेत्रीने ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, “हे विकलं तर आमाले का भेटन?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. 1957 च्या प्रताधिकार कायद्यातील कलम 38 प्रमाणे कलावंताचा आपल्या सादरीकरणावर 50 वर्षे हक्क असतो, हे मला वर्गात शिकवलेले होते आणि तरीही मी तो कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी होते. आम्ही त्या रात्री सह्या घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मराठीत एक पानाचे पत्र लिहिले, वापर केवळ शैक्षणिक राहील आणि विक्री करायची झाल्यास नवा करार होईल असे त्यात घातले, ते सर्वांना वाचून दाखवले आणि मगच मुद्रण केले. कंपनी नाराज झाली, मार्गदर्शकांनी मात्र अखेर आमची बाजू घेतली. हे पत्र निघण्यापूर्वीच तयार ठेवा.

वाहनाचा तोडगा आम्हाला शेवटच्या रात्री कळला. मांडवासाठी खुर्च्या आणणारा मंडळाचा ट्रॅक्टर दुपारी वडशाहून गावात जातो आणि सकाळी खुर्च्या परत करायला येतो. अध्यक्षांना दोन दिवस आधी फोन केला तर तो फाट्यावर थांबतो. ट्रॉलीत तणसाचा जाड थर घालून आमच्या चारही पेट्या त्यावर ठेवल्या, एकही हलली नाही, आणि डिझेलपुरते म्हणून अध्यक्षांनी 200 रुपये घेतले.