यकृताची फाइल आणि पाटी

वेंगुर्ल्याच्या बाजूला दवाखाना चालवताना कावीळ मी पुष्कळ पाहिली आहे, आणि कदाचित म्हणूनच त्या मासळी विकणाऱ्या मावशींची यकृताची जाडजूड फाइल पाहून मीही एप्रिलमध्ये फक्त सोनोग्राफी लिहून दिली. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी एन्झाइम्स वाढलेली होती, गावठी मुळीचे औषध घेऊन झाले होते, पथ्य म्हणून मासे बंद होते. कावीळ दाखवणारे बिलिरुबिन मात्र प्रत्येक रिपोर्टमध्ये नॉर्मल होते, आणि ते मी वाचूनही वाचले नव्हते.

मे महिन्यात त्या पुन्हा आल्या, तेव्हा स्टुलावरून उठताना त्यांनी दोन्ही हात टेबलावर रोवले. विचारल्यावर म्हणाल्या, “पाटी डोक्यार घेवक जमणा नाय, डॉक्टरानू. केस विंचरूकय सुनेक सांगूचा लागता.” बोटांच्या सांध्यांवर जांभळट, चपट्या पुळ्या होत्या. काजू फोडताना तेल लागून भाजले, असा त्यांचा समज होता. पण काजूचे तेल सांधे निवडून भाजत नाही. पापण्यांवरची जांभळी छटा सावळ्या वर्णात लपली होती, ती खिडकीच्या उजेडात दिसली. पेज पिताना ठसका लागतो, हेही तेव्हाच कळले.

एसजीओटी आणि एसजीपीटी यकृताप्रमाणे स्नायूंतही असतात. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे सीपीके मागवले, ते 4,600, म्हणजे खूपच वाढलेले आले; यकृताचे जीजीटी हे एन्झाइम नॉर्मल. पुढे कोल्हापूरला मांडीचा एमआरआय आणि त्वचेची बायॉप्सी होऊन डर्मॅटोमायोसायटिसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायू आणि त्वचेवर उलटते त्या आजाराचे, निदान पक्के झाले. प्रौढ वयात या आजारामागे कर्करोग दडलेला असू शकतो, म्हणून छाती-पोटाचा सीटी स्कॅन आणि मॅमोग्राफीही केली. सुदैवाने काही सापडले नाही. या आजारात काहींच्या रक्तात आढळणारे एमडीए-5 प्रतिपिंडही नव्हते. ते असते, तर फुप्फुसे झपाट्याने बिघडण्याचा धोका होता.

क्षयरोग आणि हेपॅटायटिसच्या तपासण्या करून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वजनाच्या किलोमागे 1 मिलिग्रॅम या हिशेबाने, म्हणजे रोज 50 मिलिग्रॅम, सुरू केले. जोडीला प्रतिकारशक्तीला आवर घालणारे मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतते, म्हणून सुनेला भिंतीवरच्या कॅलेंडरात दर गुरुवारी लाल वर्तुळ करायला सांगितले. उन्हाने पुरळ चिघळते; तेव्हा छत्री आणि लांब बाह्याही आल्या, ज्यांवरून मावशींनी माझ्याशी बराच वाद घातला.

1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली, त्या आठवड्यात सीपीके 310 वर आले होते. मावशी स्टुलावरून हात न टेकता उठल्या. पाटी मात्र अजून सूनच त्यांच्या डोक्यावर चढवून देते.