कपावरची शिरोरेषा

परतवाडा, मंगळवार रात्र

कॉफीच्या पाकिटावर वाघ नको, हे कॉफीवाल्या भाऊंना पटवण्यात अख्खी दुपार गेली. चिखलदऱ्याची कॉफी म्हणजे मेळघाट, आणि मेळघाट म्हणजे पाकिटावर वाघाचा पंजा, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. "काहून नाई पाह्यजे? लोक वाघासाठीच तं येतेत इकडे!" मी म्हटलं, "भाऊ, मधाच्या बाटलीवर वाघ, लॉजच्या पाटीवर वाघ, आता कॉफीतबी वाघ काय?" हसले, पण लगेच ऐकलं नाही. शेवटी लाल पिकलेल्या कॉफीच्या फळांची एक फांदी ठरली. डोक्यावर टोपली घेतलेल्या कोरकू आदिवासी बाईचं चित्र मी आधीच काढून टाकलं होतं. जिच्या हातून फळं तोडून घ्यायची तिलाच पाकिटावर नक्षी म्हणून बसवायचं, हे मला जमत नाही.

पाकीट खाकी क्राफ्ट कागदाचं. दिसतं छान, पण रंग खातं. त्यावर पिवळा मरतो, लाल विटकरी होतो. म्हणून फळांखाली पांढऱ्या शाईचा थर द्यायला सांगितलाय, खर्च वाढेल. भाऊंना वरचा व्हॉल्व्हही वाचवायचा होता. पण ताज्या भाजलेल्या बियांतून कार्बन डायऑक्साइड बरेच दिवस निघत राहतो. बंद पाकीट त्याने फुगतं, शिवण सुटू शकते. व्हॉल्व्ह आतला वायू बाहेर सोडतो आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं, फक्त किंमत ऐकली की विसरतात.

खरी डोकेदुखी कागदी कपाची. कप वर रुंद, खाली निमुळता, त्यामुळे उलगडला की कागद सरळ पट्टी न राहता कमानीसारखा वाकतो. त्यावर नाव सरळ ओळीत टाकलं, तर कप गुंडाळल्यावर ते काठाशी फटकून दिसतं. म्हणून अक्षरं कमानीवर बसवायची. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, प्रत्येक थोडं कलतं आणि खपून जातं. देवनागरीत प्रत्येक अक्षर कललं की शिरोरेषा सांध्यासांध्यावर मोडते. सॉफ्टवेअर ते मोडकंच देतं. मी शिरोरेषा पुरती छाटून टाकली, एकच सलग कमान काढली आणि अक्षरं तिला टांगली. 'कॉ'वरचा चंद्र जरा मोकळा केला, नाहीतर शाई पसरून भरून जातो. नाव कपाच्या जोडापासून लांब ठेवलं. हे काम कोणाच्या लक्षात येणार नाही. आलं, तर चुकलं समजायचं.

कपाच्या आतल्या थरावरून छापखानेवाल्याशी वाजलं. २०२२ च्या जुलैत राज्यात प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी कपांवरही बंदी आली, तरी तो "सगळे हेच घेतात जी" म्हणत होता. कंपोस्ट होणाऱ्या थराच्या कपाचा भाव मागवलाय.

आता एक ओळ उरली. भाऊंच्या स्वस्त पाकिटात चिकोरी आहे, म्हणजे एका वनस्पतीची भाजून दळलेली मुळं. अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते आणि दोन्हींचं प्रमाण छापावं लागतं. भाऊ म्हणतात, "बारीक टाक, मागं." मी ते पुढे, नावाच्या खालीच टाकून फाईल पाठवली आहे. उद्या सकाळी फोन येईलच.