चूक दिसली की हात शिवशिवतात

पोटापाण्यासाठी मी मुद्रितशोधन करते. दुसऱ्यांचे काने, वेलांट्या, स्वल्पविराम तपासायचे. या कामाची एक खोड लागते: पुस्तक कितीही रंगलेलं असो, डोळा जातो तो चुकीवरच. छापील पानावर त्याला इलाज नव्हता. समासात पेन्सिलीने खूण करायची. फारच खटकलं तर प्रकाशकाला पत्र. पुढची आवृत्ती निघाली तर निघाली.

सुरुवातीचं इंटरनेटही मला तसंच भेटलं. मजकूर त्यांचा, डोळे आपले. पण ते मुळात तसं नव्हतं, हे बऱ्याच उशिरा कळलं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये बनवलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये वाचण्याबरोबर लिहायचीही सोय होती! फक्त तो ज्या नेक्स्ट संगणकावर चालायचा, तो फार थोड्यांकडे होता. सामान्यांपर्यंत पोचला तो १९९३ चा मोझॅक, आणि त्यात समोरचं पान बदलता येत नसे. पुढे टेलिफोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट देणाऱ्या एडीएसएल जोडण्या आल्या. त्यांत माहिती उतरवून घ्यायला हमरस्ता आणि पाठवायला पायवाट. आपण फारसं काही बोलणार नाही, हे तारेनेच गृहीत धरलेलं.

मग विकी आलं. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिलं विकी सुरू केलं, तिथे वाचणारा कोणीही पान बदलू शकत होता. विकिपीडियाच्या आधीचा न्यूपीडिया हा ऑनलाइन ज्ञानकोश मात्र तज्ज्ञांचा, प्रत्येक लेखाला सात टप्प्यांची तपासणी. धंद्याने मी त्याच पंथातली, पण तो गोगलगायीच्या चालीने गेला. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला आणि पहिल्याच वर्षात लेख हजारोंच्या घरात गेले.

लोक याचं श्रेय ‘संपादन’ या बटणाला देतात. मला त्याच्या शेजारचं ‘इतिहास’ जास्त महत्त्वाचं वाटतं. कोणी, कधी, काय बदललं, सगळी नोंद. जुनी आवृत्ती एका टिचकीवर परत. बिघडवणं सोपं, पण सुधारणं त्याहून सोपं, म्हणून तर दार उघडं ठेवायची हिंमत झाली. प्रूफावरच्या लाल खुणा पुस्तक छापलं की रद्दीत जातात. इथे त्या कायमच्या राहतात, आणि माझ्यासारखीला लेखापेक्षा त्याच वाचायला गोडी वाटते.

२००६ मध्ये वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी अशा ऑनलाइन समुदायांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद नुसते पाहतात, नऊ अधूनमधून भर घालतात, एकजणच भरभरून लिहितो. २००९ मध्ये फेसबुकवर लाइकचं बटण आलं आणि ते नव्वदही सहभागी झाले असं म्हणायची सोय झाली. मला काही ते पटत नाही. अंगठा दाखवून मजकुरातला एक कानासुद्धा हलत नाही. (मीही दाखवते. भाचीचे फोटो असतात.)

खरा सहभाग म्हणजे कटकट. परवा विकिपीडियावरच्या एका लेखातलं लांबलचक वाक्य मी तोडून दोन केली. तासाभरात कुणीतरी ती परत जोडली, कारण दिलं: ‘अर्थ बदलतो.’ लेखाला जोडलेल्या चर्चापानावर मी विचारलं, कुठे बदलतो? त्याने तीन परिच्छेद लिहिले. त्यातला दुसरा बरोबर आहे, पहिला आणि तिसरा नाही. जेवण झालं की उत्तर लिहायला बसणार आहे.