पाण्याने आखलेली गावे

नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगन प्रांतात राहायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी सायकल काढून आसपासची खेडी पाहत फिरतो. नवी मुंबईतल्या घणसोलीच्या गावठाणात लहानाचा मोठा झाल्यामुळे असेल, पण या खेड्यांची ठेवण मला ओळखीची वाटते.

इथली सर्वांत जुनी खेडी माणसांनी रचलेल्या मातीच्या उंचवट्यांवर वसलेली आहेत. समुद्राला अडवणारे सलग बांध नव्हते, त्या काळी मोठ्या भरतीचे पाणी थेट शिवारात पसरत असे. म्हणून इसवी सनापूर्वी सुमारे 500 वर्षांपासून लोक चिकणमाती, शेण आणि घरचा केरकचरा यांचे थरावर थर देऊन घराखालची जमीन उंच करत गेले आणि शेजारशेजारचे उंचवटे जुळून गाव झाले. नीहोव्ह या खेड्यात ही रचना अगदी स्पष्ट दिसते. मधोमध चर्च, त्याभोवती गोल रस्ता आणि तिथून बैलगाडीच्या चाकातील आऱ्यांप्रमाणे गावाच्या कडेपर्यंत गेलेल्या वाटा. शेजारच्या फ्रिसलंड प्रांतातील होगेबाइंटम येथील उंचवटा सुमारे 9 मीटर उंच आहे. त्याचा काही भाग सुपीक खतमाती म्हणून खणून विकला गेला, चर्च मात्र वर शाबूत राहिले.

दलदल उपसून वसवलेली खेडी निराळी. तिथे एकाच रस्त्याच्या किंवा कालव्याच्या कडेने घरांची रांग लागते आणि प्रत्येक घरामागे त्याच्या शेताची लांबच लांब, अरुंद पट्टी असते.

आपल्याकडेही पाण्यानेच गाव आखले. पारसिकचे डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या, सखल जमिनीच्या) वर, कोरड्या जमिनीवर घरे दाटीने बांधली गेली, कारण खालची भाताची जमीन घरासाठी मोडणे कोणालाच परवडणारे नव्हते. त्या शेतीचे रक्षण बांध करीत आणि बांधातली उघाडी ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडून भरतीला खारे पाणी रोखून धरी. दिवाळे गावासारखा कोळीवाडा होड्यांसाठी खाडीला अधिक बिलगून राहिला.

1970 मध्ये सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी संस्थेची स्थापना झाली आणि 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई हे नवे शहर उभे राहू लागले. शेते सेक्टरांत गेली, गावठाणे मधेच राहिली. सरळ रस्त्यांच्या नकाशात त्यांच्या वळणावळणाच्या गल्ल्या पाहून लोक त्यांना अनियोजित म्हणतात, हे मला मुळीच मान्य नाही. ती गावे शेत, गुरे, विहीर आणि भरती-ओहोटी यांचा पूर्ण विचार करून वसली होती. ज्या शिवारामुळे त्या रचनेला अर्थ होता, ते शिवारच उरले नाही.

इथे नेदरलँड्समध्ये अशा कित्येक खेड्यांच्या मूळ ठेवणीला कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या गावठाणांचा प्रश्न मात्र घरे नियमित करण्याच्या मागणीपाशीच अडून राहिला आहे, आणि ती मागणी रास्तच आहे. तोवर गावातल्या तरुणांनी एक काम हाती घ्यावे: खळी कुठे होती, उघाडी कोणत्या बांधावर होती, पिण्याच्या पाण्याची विहीर कोणत्या घराखाली गेली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून गावठाणाच्या नकाशावर त्या जागा आत्ताच नोंदवून घ्याव्यात.