निळी तार

"साहेब, आता रेडिओ कोण ऐकतं? ब्लूटूथ लावा की," गाडीत नवा स्टिरिओ बसवून देणारा कारागीर आज अगदी सहज म्हणाला. त्या वेळी १०१ मेगाहर्ट्झवर पुण्याची विविधभारती नुसती खरखरत होती.

जुन्या सेटवर हेच केंद्र स्वच्छ लागत असे. माझ्या गाडीप्रमाणे अनेक गाड्यांत छतावरच्या आखूड अँटेनाच्या बुडाशी रेडिओचा क्षीण संकेत वाढवणारा एक छोटा अँप्लिफायर असतो आणि त्याला लागणारी वीज मूळ सेट अँटेनाच्या केबलमधूनच पुरवतो. बाजारात मिळणारे बहुतेक सेट मात्र ती निळ्या किंवा निळ्या-पांढऱ्या तारेवर वेगळी देतात. ती तार मोकळी सोडली की अँप्लिफायर बंदच राहतो. केबलमध्ये वीज सोडणारा अडॅप्टर मधे बसवून निळी तार त्याला जोडणे, एवढाच उपाय असतो. मी आग्रह धरल्यावर कारागिराने तो बसवला आणि केंद्र लगेच स्वच्छ लागले.

तरीही ते वाक्य मनातून जात नाही. एखादी सोय कोणी वापरत नाही असे दुरुस्ती करणाऱ्यानेच गृहीत धरले, तर ती तपासण्याची तसदी कोण घेणार? तुमच्या गाडीत नवा सेट बसवला, तेव्हा दुकानातून निघण्यापूर्वी कोणी रेडिओ लावून दाखवला होता का?