सत्कार पुरे, माइक द्या

आज ज्येष्ठांच्या हक्कांवरच्या एका कार्यक्रमाला गेले होते, बोलणारे सगळे चाळिशीतले आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ते समोर पुष्पगुच्छ धरून गप्प बसलेले!! शेवटी एका आजींनी हात वर केला तर निवेदक म्हणे, "आजी, वेळ संपलाय, चहा घ्या." आजी कसल्या ऐकतात, माइकशिवायच खणखणीत आवाजात, "बाळा, तो ऑनलाइन फॉर्म आम्ही चष्मा पुसेपर्यंत बंद होतो, तो बनवताना आमच्यापैकी कुणाला विचारलं होतंस का?" निवेदकाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

अहो, संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये ज्येष्ठांसाठी तत्त्वं मांडली त्यात स्वावलंबन, काळजी, सन्मान याबरोबर सहभागही आहे, म्हणजे त्यांच्यावर परिणाम करणारी धोरणं ठरवताना तेही हवेत. पण तत्त्वंच ती, बंधन कुणावर नाही. मुलांसाठी, महिलांसाठी, दिव्यांगांसाठी जागतिक करार आहेत, ज्येष्ठांसाठी वेगळा अजून नाही, त्याचा मसुदा करायला गट नेमायचं मानवाधिकार परिषदेने ठरवलं तेच एप्रिल २०२५ मध्ये. (एवढी घाई कशाला म्हणते मी 😏)

असो, आयोजकांना लिहून दिलंय की पुढच्या वेळी कमिटीतच ज्येष्ठ घ्या आणि त्या आजींना पहिलं भाषण द्या. बघू काय करतात.